पुनमच्या कानातल्या रिंगा

पुनम जेवली असेल का, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. माझी स्वतःची लेक तनुजा प्रवास करून सुखरूप खोलीवर पोचली, तिच्याशी बोलणं झालं, घरातले सगळे झोपले. तरी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसले आहे ती दुसऱ्याच्या लेकीसाठी.

पुनम भोकरची. वडील व्यंकटराव, त्यांची हळद आणि केळी. दहावीला ब्याण्णव टक्के पडले तेव्हा त्यांनी तिला आमच्या लातूरला क्लासला पाठवलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत अशी परगावची मुलं राहतात. पुनम होस्टेलवर राहायची, क्लासमध्ये तनुजाच्या बाकावर बसायची आणि रविवारी आमच्याकडे यायची. चपला काढायच्या आधीच सांगायची, "काकू, मी जेवून आले हां." ती कधीही जेवून आलेली नसायची. ताट वाढलं की मान खाली घालून तीन भाकरी खायची. पहिल्या महिन्यातच मी तिच्या "जेवले"वर विश्वास ठेवणं सोडलं.

एकदा माझ्या डब्यातली हळद चिमटीत घेतली, तळहातावर पाणी टाकून चोळली आणि म्हणाली, "काकू, ह्याच्यात रंग हाय. दुकानदारानं तुम्हाला शिकलेली बघून फसवलं." पुढच्या रविवारी भोकरहून किलोभर हळद आली. त्या दिवशी ती जेवढी बोलली तेवढी पुन्हा कधी बोलली नाही. बेणं कसं निवडायचं, कंद शिजला हे काडी टोचून कसं ओळखायचं. मी म्हटलं, "तू कृषीला का जात नाहीस गं?" ती म्हणाली, "मलाही तेच वाटतं. पण बाबांनी पाटीसुद्धा ठरवलीय. डॉक्टर पुनम, भोकर."

'नीट' परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकात तिला कानातल्या रिंगा काढायला लावल्या. बारशाला आत्याने घातलेल्या, छोट्याशा, सोन्याच्या. आजवर निघाल्या नव्हत्या म्हणून निघेनात. शेवटी मी साबणाचं पाणी लावून काढल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. परीक्षा सुटल्यावर बाकीची मुलं पेपर कसा गेला ते सांगत होती. ही गर्दीतून धावत आली आणि आधी कान पुढे केले. "घाला काकू, लवकर घाला. उघडंउघडं वाटतंय."

मार्क दोघींनाही कमी पडले. मग व्यंकटराव आणि पुनमची आई सिंधुताई आमच्याकडे आले. जॉर्जियाला एमबीबीएसला मुलं जातात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. व्यंकटराव खुर्चीच्या कडेवर बसले. "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमी म्हन्ता तसं करतो."

पुनम माझ्याकडे बघत होती. कृषीचा विषय काढायला तीच वेळ होती. पण आमची तनुजा जायची ठरली होती, आणि परक्या मुलखात तिला कुणी ओळखीचं असावं असं मला फार वाटत होतं. मी म्हणाले, "पाठवा की. दोघी सोबत राहतील, एकमेकींना सांभाळतील."

हे वाक्य माझं आहे.

प्रवेश आले तेव्हा तनुजाला तिबिलिसी मिळालं आणि पुनमला बटुमी. मधे रेल्वेने पाच तास. एजंट म्हणाला, "मॅडम, देश तर एकच आहे ना." लातूर आणि मुंबईचाही देश एकच आहे. पण तोवर भोकरला पेढे वाटून झाले होते.

पुढे दर रविवारी सिंधुताई मला फोटो पाठवायच्या. पुनमने केलेला भात, पुनमने केलेली आमटी. जाताना त्यांनी बरणीभर येसर दिला होता, आमटीसाठी स्वतः भाजून दळलेला मसाला. "बगा ताई, माझी पोरगी येसरची आमटी करून राहिली. घरी चहा करायची न्हाई!" मीही कौतुक करायचे. पंधरा दिवसांपूर्वी असाच एक फोटो आला आणि माझी नजर वाटीच्या काठावर गेली. काठावर कोरलेलं होतं, 'चि. विशाखा हिस मामाकडून'. माझ्या लग्नातली वाटी. ती तनुजाच्या सामानात मी स्वतः घातली होती. तिबिलिसीतली वाटी बटुमीत कशी गेली?

तनुजाला विचारलं तर आधी हसली. "आई, तू पण ना, भांड्यांची मोजदाद तिथे बसून करतेस!" मग म्हणाली, "ती मागते माझ्या जेवणाचे फोटो. सिंधुमावशींना पाठवायला. तिला करायला वेळ मिळत नाही म्हणते."

मी म्हटलं, "या शनिवारी बटुमीला जा."

"आई, मंगळवारी ॲनाटॉमी आहे."

"रेल्वेत वाच."

काल ती गेली. रात्री तिचा फोन आला तो बाल्कनीतून, कुजबुजत. पुनम डिसेंबरपासून कॉलेजला गेलेली नाही. दिवसभर पडदे ओढून पडून असते. येसरच्या बरणीला सिंधुताईंनी लावलेली चिकटपट्टी अजून तशीच आहे. तनुजाने आमटी केली तर दोन घास खाऊन म्हणाली, "मी जेवले होते गं."

"आई, मी तिला वचन दिलंय. तुला माझी शपथ आहे, मावशींना सांगायचं नाही. ती म्हणते, बाबांना कळलं तर ते गावात तोंड दाखवायचे नाहीत."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते? इथून मी तिचा पडदासुद्धा उघडू शकत नाही.

आज संध्याकाळी सिंधुताईंचा फोन आलाच.

"ताई, तनू गेलती ना पुनमकडं? कशी हाय माझी लेक? लई बारीक झाली का?"

"थोडीशी. थंडी आहे ना तिकडे."

"आन् येसर संपला का विचारा. कुनी जानार असंल तर पुन्हा करून देते."

"विचारते," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "तू असं कसं सांगितलंस?" शपथ एकीची, वचन दुसरीचं, आणि खोटं मात्र मी बोलले होते.

साडेअकराला तनुजा खोलीवर पोचली, तिकडचे दहा. पोचल्यावर व्हिडिओ कॉल केला. दमली होती. म्हणाली, पुनम स्टेशनवर सोडायला आली होती, पायात घरातल्याच स्लिपर. मग जरा खुशीत म्हणाली, "आणि बघ." फोन कानाजवळ नेला. तिच्या कानात त्या छोट्या रिंगा होत्या.

"म्हणाली, ठेव तुलाच. माझ्यापेक्षा तुला शोभतात. मी नको म्हटलं, पण ऐकेचना."

परीक्षेपुरत्या काढल्या तरी जिला उघडंउघडं वाटलं होतं, तिने त्या देऊन टाकल्या होत्या. तनुजाला मी घाबरवलं नाही. एवढंच सांगितलं की आत्ताच्या आत्ता पुनमला फोन कर, काहीही बोल, पण बोलत राहा. पुनमच्या खोलीत केरळची एक मुलगी आहे, तिला निरोप दे की आज हिला एकटीला सोडू नकोस. मघाशी तनुजाचा मेसेज आला, 'बोलतेय. ती मुलगी पण जागी आहे.' मग थोड्या वेळाने दुसरा, 'आई, काय झालंय?'

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

तासभर मी हे लिहिते आहे. वाटलं होतं लिहिता लिहिता दुसरी काही वाट सापडेल. उद्या सकाळी सांगावं, आधी कुणा डॉक्टरांना विचारावं, तनुजाला पुन्हा बटुमीला पाठवावं. यातलं काहीही केलं तरी त्या मुलीच्या आईला काहीच माहीत नसणार. दोन वर्षं जिच्या "जेवले"वर मी एकदाही विश्वास ठेवला नाही, तिच्या आईला मी आज "थोडीशी बारीक झालीय" असं सांगून मोकळी झाले.

व्यंकटराव मला काय म्हणतील ते म्हणोत. तनुजा बोलायची थांबेल, थांबू दे.

सध्या हळद शिजवायचे दिवस आहेत. भोकरला शेतात कढया रात्रभर चालू असतात, म्हणजे सिंधुताई जाग्या असतील. पुनम कॉलेजला जात नाही, हे मागून सांगेन. परत आणा, कृषीला घाला, हेही मागून. आधी एवढंच सांगायचं की पुनमने कानातल्या रिंगा काढून तनुजाला देऊन टाकल्यात. पुढचं त्या मला विचारतीलच.

नंबर काढला आहे. लावते.