आधी कार्ड बघा

सर पारनेरहून एसटीने नगरला येतात, माझ्यासमोर बसतात आणि पाणीसुद्धा न पिता आधी चष्मा पुसतात. मराठी टायपिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर आम्ही काही जण मिळून करतो, सर त्यातलेच. त्यात बदल कुणीही सुचवू शकतो, म्हणून प्रत्येक जण आपलं काम स्वतःच्या डिजिटल किल्लीने, म्हणजे संगणकातल्या एका गुप्त फाइलने, सही करून पाठवतो. ती किल्ली खरंच त्याच माणसाची आहे, अशी साक्ष दुसऱ्याने द्यायची असते. तीही समोरासमोर, ओळखपत्र बघून. नवी किल्ली केली की सर तिचा लांबलचक क्रमांक चार-चार अक्षरं करत वाचतात आणि दरवेळी थांबून "व्हय?" विचारतात. मला या सगळ्याचा कंटाळा येतो.

परवा ते आले ते मान खाली घालूनच. "लॅपटॉप दुरुस्तीला दिला, किल्ली आतच राहिली, कुणी उतरवून घेतली असली तर? माझीच चूक हाय. जुनी रद्द केली," असं म्हणत त्यांनी नव्या किल्लीसाठी आधार कार्ड पुढे केलं.

"राहू द्या हो सर, मी काय तुम्हाला ओळखत नाही?"

हात तसाच ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "मागच्या टायमाला हातात घेतलं हुतं, तवा तरी वाचलं हुतं का?"

माझ्या त्या साक्षीवर, कधी न भेटलेले लोक त्यांचं काम डोळे झाकून घेत होते. मी कार्ड घेतलं आणि वाचायला लागलो. नावापासून पिनकोडपर्यंत, पहिल्यांदाच.

सरांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून ते आधीच पुसलेली काच पुन्हा पुसत बसले.