होल्डरचा फुटका कोपरा

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. माणगावला आयटीआयमध्ये पंचवीस वर्षं फिटर ट्रेड शिकवतोय. कोणी भुताखेताचं काढलं की मी म्हणतो, "आधी नट-बोल्ट तपासा." मुलं त्यावरून माझी नक्कलही करतात. तरी हे लिहितोय... कारण नट-बोल्ट सगळे तपासून झाले.

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझ्या वडिलांचा, अण्णांचा, फोटो स्टुडिओ होता. तिथे एक भला मोठा कॅमेरा होता — स्टँडवर बसवलेला, पुढे भाता, मागे काच, आणि फोटो काढणाऱ्याने काळ्या कापडात डोकं घालायचं. त्याला रोल लागत नाही. पोस्टकार्डाएवढी एक सुटी फिल्म काळ्या प्लास्टिकच्या, उजेड न शिरणाऱ्या चपट्या होल्डरमध्ये भरायची आणि तो मागून सरकवायचा. गावोगावचे नवरा-नवरी त्या कॅमेऱ्यासमोर बसून गेले, पण आमच्या आईचा एक फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार! ती विचारायची, माझा काय भिंतीवर लावायच्या वेळी काढणार? अण्णा हसून "उद्या" म्हणायचे.

मी एकोणीस वर्षांचा होतो, स्वतः आयटीआयला शिकत होतो. सुट्टीत स्टुडिओ झाडताना होल्डर हातातून पडला आणि एका कोपऱ्याला तडा गेला. अण्णांना सांगायचं सोडून मी तो गुपचूप चिकटवला. नवीन कारागिरीची मस्ती, दुसरं काय. सांधा इतका पक्का बसला की नखालाही लागेना. फक्त तो चिकट पदार्थ सुकल्यावर काचेसारखा पारदर्शक झाला. मी ताकद बघितली, उजेड बघितला नाही.

नेमकं त्याच आठवड्यात अण्णांनी आईला हिरवं लुगडं नेसायला लावून बसवलं. फोटो धुतला तर डाव्या कडेतून एक पांढरा पट्टा आत शिरलेला... आईचा एक गाल त्यात गेलेला. अण्णा म्हणाले, फिल्म जुनी असेल, दिवाळीत परत काढू. नवरात्रात आई गेली. हार घालायला शेवटी चुलतबहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा केला. त्यात ती दुसऱ्याच कोणाकडे बघून हसतेय. मी तेव्हाही बोललो नाही. एकतीस वर्षं बोललो नाही.

गेल्या माघात अण्णांना डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. एका सकाळी मला म्हणाले, मोठ्या कॅमेऱ्यावर माझा फोटो काढ. बाकीचे होल्डर त्यांनी कधीच विकले होते, तो एकच ठेवला होता.

"आधी तो नीट कर," ते म्हणाले. "कोपरा फुटलाय त्याचा."

पन्नाशीचा माणूस मी, त्यांच्या खाटेपाशी बसून लहान पोरासारखा रडलो आणि सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "होल्डर पडताना तुझ्या आईनं बघितलं व्हतं. फोटो बिघडल्यावर तीच बोलली, पोराला काय बोलू नका, त्यानं मनापासून जोडलाय."

त्या दुपारी मी जुना सांधा खरवडून काढला. सुपरग्लू, खायचा सोडा आणि देवाच्या समईची काजळी — थर देत देत कोपरा भरला, पॉलिश पेपर मारला. अंधारात आत मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. उजेडाचा धागासुद्धा बाहेर येत नव्हता. मुंबईहून मागवलेली एक फिल्म सुपारीच्या झाडांवर वाया घालवली, ती स्वच्छ आली. मग अण्णांना अंगणात खुर्चीवर बसवून फोटो काढला. होल्डर झाडांच्या वेळी घातला तसाच, कॅमेरा तोच.

धुतला तर उजव्या कडेला पांढरा पट्टा, अण्णांच्या खांद्यापर्यंत आलेला.

मी हरलो. दोघांचा एकेकच फोटो, आणि दोन्ही माझ्या हातून गेले, असंच वाटलं. लगेच दुसरा काढू म्हणालो. अण्णांनी भिंग लावून प्रिंट बराच वेळ बघितली. पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हाच लाव."

दहाव्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर आईची ती बिघडलेली फिल्म अण्णांच्या पत्र्याच्या डब्यात सापडली. कापलेला चेहरा मला आता नको होता. पट्ट्यासकट तिची प्रिंट काढली, अण्णांच्याच मापाची, आणि दोन्हींना बिनचौकटीच्या काचा बसवल्या. माझ्या बायकोने, नंदाने, भिंतीवर लावले. बायको नवऱ्याच्या डाव्या अंगाला, म्हणून आपण बघताना अण्णा डावीकडे आणि आई उजवीकडे. लावून झाल्यावर तिने मला हाताला धरून समोर उभं केलं.

अण्णांच्या खांद्यावरून निघालेला पट्टा कडेपर्यंत जातो आणि आईच्या फोटोत तसाच पुढे तिच्या गालावर जातो. मी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर आणून मोजलं. कडेवर दोन्हीकडची रुंदी एक, उंचीही एक.

आईच्या वेळी उजेड माझ्या फुटक्या कोपऱ्यातून आला, ते मला कळतं. अण्णांच्या फोटोत तो दुसऱ्या कडेने आलाय, जिथे होल्डर कधी फुटलाच नव्हता. नंतर त्याच होल्डरमध्ये सहा फिल्म घालून बघितल्या, सहाही स्वच्छ. भाता तपासला, मागची काच तपासली. कोणाला कारण माहीत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.

पण खरं सांगू? आयुष्यभर सांधे तपासत आलोय, कितीही सफाईने केला तरी सांधा मला सापडतो. रोज सकाळी हार बदलताना या दोन फोटोंमध्ये शोधतो... सापडत नाही.