पॅसेजमधला कट्टा

स्क्रीनवर पॅसेजचा चौकोन पुन्हा लाल झाला. संध्याकाळचा चहा झाला की रोज हेच. बाकी सगळं जहाज हिरवंगार, आणि हा एक चिंचोळा पॅसेज लाल.

जहाज म्हणजे पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या शेताला लागून असलेली एक बंद शेड. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या अंतराळप्रवासात माणसं कशी राहतील, याची ती चाचणी होती. आठ-आठ जणांच्या तीन तुकड्या, एकीमागून एक. पहिली निघणारी, तिसरी पोचणारी. मधलीने नुसतं जहाज चालवायचं. ना कुणाचा निरोप घ्यायचा, ना कुठे उतरायचं. मुदतीआधी एक जण जरी बाहेर आला तरी चाचणी तिथेच संपणार होती.

माझं काम हवेचं. जन्मभर एसी प्लांट बसवले, रिटायर झाल्यावर इथे कन्सल्टंट म्हणून आले. बंद जागेत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं जड होतं, स्क्रीनवर ती जागा लाल होते. म्हणून वापरलेली हवा एका जाळीतून मशीनकडे ओढून घ्यायची आणि स्वच्छ करून पुन्हा आत सोडायची. त्या जाळीला आम्ही रिटर्न म्हणतो. आमचा रिटर्न पॅसेजमध्ये होता, भिंतीलगतच्या एका लांबलचक पत्र्याच्या खोक्याला पुढून बसवलेला. खोका साधारण गुडघ्याएवढा उंच.

पंखा तपासला, फिल्टर बदलायला लावला. पॅसेज लालच. तिथे कॅमेरा नव्हता, म्हणून शेवटी इंटरकॉम लावला. ज्योतीने उचलला. आत तेव्हा मधली तुकडी होती, ती त्यातली. मूळची अकोल्याची, पुण्यात आयटीत.

“आत्ता कुठे आहेस गं?”

“पॅसेजमध्येच, मॅडम. खोक्यावर बसलोय.”

“बसलोय म्हणजे किती जण?”

“सगळेच. काही वर, काही खाली टेकून.”

मी कपाळाला हात लावला. आठ माणसं रिटर्नवर बसून, जाळीला पाय लावून, तासन्‌तास गप्पा हाणत होती. मशीन बिचारं हवा ओढणार कुठून?

डायरेक्टर सरांना सांगितलं. ते वैतागले. “अहो, मग कॉमन रूम कशाला बांधली? सोफे आहेत, तारे दाखवणारी भिंत आहे!”

“तिथली हवा सगळ्यात ताजी आहे, सर. कोणी फिरकतच नाही.”

“पाटी लावायला सांगा त्यांना. ‘येथे बसू नये.’”

पुण्यात कुठल्याही दुखण्यावर हेच औषध. आतल्यांनी मुकाट्याने पाटी लावली. दुसऱ्या दिवशी पॅसेज हिरवा. सर खूश.

मी नव्हते. पॅसेजचा आकडा उतरला तसे आठही केबिनचे आकडे थोडे थोडे चढले होते. आठ खोल्या, आठ माणसं, दारं लावून. आकडे मर्यादेत होते, तक्रार करायला जागाच नव्हती. तरी मला चैन पडेना. काम नसताना स्कूटर काढून उसाच्या ट्रॅक्टरमागून मांजरी गाठायची आणि त्या आठ चौकोनांकडे बघत बसायचं. घरी नवऱ्याने विचारलं, “पगार वाढलाय का?”

आणि मग ज्योतीचा इंटरकॉम आला.

“मॅडम, मले बाहेर यायचंय.”

“काय झालं? बरं नाही का?”

“तब्येत चांगली हाये. पण काहून राहू मी इथं? पहिले निघाले, त्यांचं कौतुक झालं. तिसरे पोचतील, त्यांचं होईल. आम्ही नुसते मधले. खोक्यावर बसायचो तेव्हा हे डोक्यात यायचं नाही. कोणी आंघोळीला निघालं की त्याची खेचायची, कोणाची भाजी करपली की त्याची. वाटायचं, राहतोय आपण इथं. आता नुसतं पार्सल झालंय आमचं.”

“कॉमन रूममध्ये बसा ना.”

“तिथं समोरासमोर बसावं लागते. बोलायला विषय लागते, बाप्पा.”

सबंध तारुण्य आमचंही कॉलेजसमोरच्या कट्ट्यावर गेलं. तिथे विषय कोणी काढला होता? मी तिच्याकडून दोन दिवस मागून घेतले आणि तडक सरांच्या केबिनमध्ये गेले.

“रिटर्न वर घेऊ या, छताजवळ. खालची जाळी बंद करू, खोक्यावर प्लाय ठोकू. बसू दे त्यांना.”

“चाचणी चालू असताना डिझाइन बदलायचं? प्रवासात सुतार कुठून येणार?”

“जहाजात असतील तेच लोक करतील की, सर. शंभर वर्षांच्या प्रवासात दुरुस्तीला मांजरीहून माणूस जाणार आहे का?”

सरांनी पेन टेबलावर आपटलं. “बिघडलं तर जबाबदारी तुमची,” म्हणाले.

“आत्ता कोणाची आहे?” असं अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं.

काम आतल्यांनीच केलं. मी इंटरकॉमवर. पत्रा कापायचा म्हणजे पंखा बंद, आणि पंखा बंद म्हणजे आकडे चढणार. एक कड तिरकी कापली गेली, जाळी बसेना. पॅसेज लाल झाला, पाठोपाठ केबिन. सर माझ्यामागे उभे, दार उघडायच्या बटणापाशी. आत ज्योती कोणावर तरी ओरडत होती, “अबे, उलटी धरली तू!” मग ठोकल्याचे आवाज आले, पंखा घरघरला आणि आकडे हळूहळू उतरायला लागले. सरांनी खुर्ची ओढली आणि बसले.

दोन दिवस उलटले. ज्योतीने बाहेर यायचं नाव काढलं नाही. न राहवून मीच विचारलं. “आता कसं येऊ? प्लायला पॉलिश राह्यलंय,” ती म्हणाली. “तिसरे येतील, ते काय म्हणतील?”

तुकडी मुदत संपवून बाहेर आली. तिसरी आत गेली, त्याच संध्याकाळी स्क्रीनवर कॉमन रूम रिकामी आणि पॅसेज भरलेला. या वेळी भरलेला असूनही हिरवा. मी इंटरकॉमवर विचारलं, “बसायची जागा कशी सापडली?”

“पाटी आहे ना इथे,” नवा मुलगा म्हणाला आणि वाचून दाखवू लागला. सरांचीच पाटी उलटी करून मागच्या बाजूने लिहिली होती: ‘येथे बसावे. सरकून जागा द्यावी. हा कट्टा मधल्यांनी बांधला आहे.’

तेव्हापासून नवं काम घेतलं की मी आधी माणसं कुठे टेकतात ते बघते. जाळीची जागा त्यानंतर ठरवते.