मागच्या सीटवरची पुतळी

कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात सगळे त्यांना काचवाले म्हणत, कारण बघावं तेव्हा ते दर्शनी काचेच्या मागेच सापडायचे. पुतळ्यांना कपडे चढवायचे, उतरवायचे, टाचण्या मारून सैल कंबर घट्ट करायची, हा त्यांचा उद्योग. तोंडात टाचण्या धरून विचार करत ते इतके निश्चल उभे राहायचे, की एकदा एका आजीबाईंनी त्यांच्याच शर्टाची बाही चाचपून विचारलं होतं, "यात निळा आहे का हो?"

सासूबाईंना मात्र जावयाचं काम कधी नीट उमगलंच नाही. कुणी विचारलंच तर त्या आवाज खाली आणून म्हणत, "कापडाच्या लाइनीत आहेत."

एके दिवशी कोट बदलताना एका पुतळीचा उजवा हात मनगटातून निखळून काचवाल्यांच्या हातात आला. मालकांनी कपाळाला हात लावला.

"नवीन पुतळी आणायची नाही. तुमच्या मिसेस कवळ्या बनवतात ना? मग एक हात जोडणं काय अवघड आहे?"

बायको खरंच कवळ्यांच्या लॅबमध्ये कामाला होती. तेव्हा काचवाल्यांनी पुतळीचे पाय दुकानातच सोडले, डोक्यासकट वरच्या धडाला लांब कोट घातला, ते स्कूटरच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि दोरीनं स्वतःच्या पाठीशी बांधून टाकलं. निखळलेला पंजा खिशात घातला आणि निघाले.

पहिल्याच चौकात शिट्टी वाजली.

"बाईंचं हेल्मेट कुठाय?" ट्रॅफिक पोलिसानं विचारलं.

"साहेब, ही बाई नाही."

"कुणी का असेना, डोकं आहे ना?"

"आहे, पण पोकळ आहे."

"शोभतं का असं बोलणं? आणि ताई, तुम्ही पण ऐकून घेता?"

ताई मंद हसत समोर बघत राहिल्या. काचवाल्यांना घाम फुटला. पुरावा दाखवावा म्हणून त्यांनी घाईघाईनं खिशातून पंजा काढून पुढे केला. पोलीस टुणकन मागे उडाला आणि नुकतीच शिट्टी तोंडात धरली असल्यामुळे किंकाळीऐवजी तीच वाजली. सगळा चौक थांबला.

मग काचवाल्यांनी ताईंच्या डोक्यावर टकटक करून दाखवलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"तुम्ही करता तरी काय?"

"पुतळ्यांना कपडे घालतो."

"पगार मिळतो याचा?"

"मिळतो की."

पोलिसानं उसासा टाकला. "मी दिवसभर इथे हातवारे करतो, तर कुत्रं विचारत नाही. तुमच्या बाया नुसत्या उभ्या राहतात आणि गर्दी जमते. जा, पण हळू चालवा. ताई पडतील."

घरी दार उघडलं ते नेमकं सासूबाईंनी. लेकीकडे सहज म्हणून आल्या होत्या.

"अगं, धाव!" त्या ओरडल्या. "जावई कुण्या बाईला बांधून घेऊन आलेत! आणि तिला पाय नाहीत!"

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं पुतळीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हात दाखवा आधी."

काचवाल्यांनी स्वतःचा दाखवला. तिनं डोळे वटारल्यावर खिशातला दाखवला.

सगळा खुलासा ऐकून सासूबाई खुर्चीत टेकल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हिला कपडे घालताय?"

"हिला आणि आणखी सहाजणींना."

"लाइन बदला," सासूबाई म्हणाल्या.

बायकोनं कवळीचंच मिश्रण कालवून पंजा असा पक्का बसवला की काही विचारू नका. फक्त मनगटाभोवती हिरड्यांसारखा गुलाबी पट्टा उमटला. तो झाकायला तिनं आपली तपकिरी पर्स दिली. "ही अडकवा. कुणाला दिसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी काचेतली पुतळी झोकात उभी राहिली. पण कोटाकडे कुणी बघेना. जो तो पर्सची किंमत विचारी. काचवाले जेवायला गेले तेवढ्यात मालकांनी पर्स विकूनसुद्धा टाकली.

थोड्याच वेळात गिऱ्हाईक बाई पांढऱ्याफटक चेहऱ्यानं परत आल्या आणि पर्स काउंटरवर आपटून म्हणाल्या, "आत कुणीतरी हसतंय!"

काचवाल्यांनी दबकत चेन उघडली. आत वरच्या-खालच्या दातांची अख्खी कवळी होती. त्यांनी बायकोला फोन लावला.

"तिथे आहे होय! काल घासायला म्हणून घरी आणली होती मी!" ती जवळजवळ रडवेली झाली. "अहो, ती ज्यांची आहे ते आजोबा सकाळपासून लॅबमध्ये बसून आम्हाला झापतायत, आणि आम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नाहीये. लवकर या!"

काचवाले कवळी घेऊन तसेच लॅबकडे निघाले. आजोबांनी कवळी घेतली, पाण्यातून काढली, तोंडात बसवली, दोनदा कटकट वाजवून पाहिली. मग खुर्ची पुढे ओढून घेतली.

"हं," ते म्हणाले, "आता पहिल्यापासून सांगतो."