नानाजींना आधी वाचून दाखवलं

मंडळी, सकाळी दिग्रसला गेलतो. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

नानाजी माझे पहिले संपादक. त्यांच्या साप्ताहिकात मी टवाळी लिहायला शिकलो. त्यांचा नियम एकच: ज्याची खिल्ली उडवली, त्याच्या घरी जाऊन लेख वाचून दाखवायचा, मगच छापायचा. सरपंचाच्या ओट्यावर घाम पुसत वाचलंय मी.

उद्या नानाजींचा सत्कार आहे. त्यांच्यावरचा मिश्किल लेख मी वाचणार आहे. म्हणून नियमाप्रमाणे आज आधी त्यांनाच वाचून दाखवला.

डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "काहून बे, हे माह्यावर लिहिलं का माह्या फोटोवर? हार तेवढा राह्यला."

"नानाजी, तुमच्या तोंडावर कसं बोलू?"

"मंग बाकीच्यांवर बी असंच लिहून राह्यला असशीन."

परतताना एसटीत मोबाइलवर माझे जुने लेख वाचले. माझ्या लेखामुळे आजवर कोणी माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही. याचा मला कालपर्यंत अभिमान होता.

तो लेख फाडलाय, नवा सुचत नाही. सत्कार सकाळी अकराला आहे. खरं सांगा, गुरूचा एखादा चांगला धडा तुम्हालाही भित्रं करून गेलाय का?