सुई पुन्हा पहिल्यापासून

सूर्यवंशी सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, तेव्हा गौरवग्रंथासाठी चार चांगले शब्द लिहा, असं समितीनं मला सांगितलं. लिहिते. पण ज्यांनी सरांच्या हाताखाली नोकरी केली आहे त्यांना ठाऊक आहे, की त्यांच्याबद्दल चांगलं बोलण्याआधी माणसाला थोडं भांडून घ्यावं लागतं. मलाही घेऊ द्या.

मी खजुरीची. मुडबीच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले तेव्हा सर तिथं मुख्याध्यापक होते. पहिल्याच रविवारी दुपारी त्यांनी सगळ्या शिक्षकांना घरी बोलावलं. मला वाटलं, जेवण असेल. सरांनी आम्हाला सतरंजीवर बसवलं, कपाटातून एक तबकडी काढली, फडक्यानं पुसली आणि ग्रामोफोनवर ठेवली. व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्या लोकप्रिय विलायती रचना, असं वेष्टनावर लिहिलेलं. हैदराबादला पुस्तकं आणायला गेले असताना सरांनी ती घेतली होती. लोकप्रिय कुठल्या लोकांत, ते देवच जाणे. मुडबीत तरी कुणी ऐकलेलं नव्हतं. माझ्या कानाला ते सुरुवातीला दारात अडकलेल्या मांजरासारखं वाटलं. तसं मी शेजारच्या बाईंना हळूच सांगितलंही.

सरांनी सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली.

हा त्यांचा नियम. वाजत असताना कुणी बोललं, की पहिल्यापासून. अक्कांनी, म्हणजे सरांच्या पत्नी सुशीलाबाईंनी, "साखर कमी घालू का?" म्हणून विचारलं, पहिल्यापासून. दारावरून जाणाऱ्यानं "सर हायेत का घरात?" अशी हाक मारली, पहिल्यापासून. आमच्या भागातल्या माणसाला गप्प बसणं म्हणजे उपास धरण्यासारखं. परिणाम असा झाला, की तबकडीची सुरुवात शाळेच्या शिपायालासुद्धा शिट्टीवर येत होती आणि दुसऱ्या बाजूचा शेवट आजतागायत कुणी ऐकलेला नाही. एकदा मी चिडून विचारलं, "सर, शेवट तरी एकदा लावा की." सर म्हणाले, "शेवट लावायचा नसतो बाई, तिथवर जायचं असतं." कपाळ!

नियम तबकडीपुरता असता तर मी रविवारी आजारी पडले असते. पण सरांनी तो शाळेत आणला. बैठकीत एखादा बोलताना दुसऱ्यानं मध्येच तोडलं, की सर बोट वर करायचे, "गुरुजी, पहिल्यापासून सांगा." खडूची मागणी मांडायला दुपार जायची. बसवकल्याणची शेवटची बस आमच्या डोळ्यांदेखत निघून जायची आणि आम्ही कुणाच्या तरी टेंपोत बसून घरी जायचो. वर्गात तर कहर. एखादं पोर उत्तर देताना अडखळलं आणि बाकीची हसली, की त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. माझा अभ्यासक्रम कधीच वेळेवर संपला नाही. मात्र आमची पोरं तालुक्याच्या ठिकाणी गेल्यावर उभं राहून बोलताना घाबरत नाहीत, हे मला मान्य करावं लागतं. राग येतो, पण मान्य करावं लागतं.

हे खूळ कुठून आलं, ते मला अक्कांनी सांगितलं. सर मंठाळचे. त्यांचे वडील लग्नात क्लॅरिनेट वाजवायचे. मांडवाच्या बाहेर उभं राहून वाजवायचं, आणि आतून कुणी हात केला की असेल तिथं थांबायचं. "माझ्या सासऱ्याचं एकबी गाणं कुणी शेवटपर्यंत ऐकलं न्हाई," अक्का म्हणाल्या. "म्हणून ह्यांचं असं. वाजवणाऱ्याला मधी तोडलेलं ह्यांना सोसत न्हाई." त्यानंतर रविवारी मी तोंडात सुपारी धरून बसू लागले.

आता माझं स्वतःचं. लग्नानंतर आळंदच्या सासरी मी नोकरी सोडावी असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मी नव्हते. सरांना कळलं आणि ते न बोलावता येऊन आमच्या ओसरीवर बसले. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पा म्हणाले, "सर, तुम्ही मोठे माणूस. पर आमच्या घरातलं तुम्ही कामून बोलायलात?"

"मी कुठं बोलायलोय?" सर म्हणाले. "बाई बोलतील. मी ऐकायला आलोय."

मी बोलायला लागले. अप्पांनी दुसऱ्या वाक्याला तोडलं. सर म्हणाले, "बाई, पहिल्यापासून." पुन्हा बोलले, पुन्हा दिरांनी तोडलं. "पहिल्यापासून." चहा झाला, ऊन उतरलं, म्हशी घरी आल्या. शेवटी अप्पाच वैतागले. "अरे, बोलू द्या रे तिला एकदाचं! न्हाईतर हा माणूस जेवायला बी हितंच थांबतोय." तेव्हा माझं बोलणं त्या घरात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं गेलं. मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. सरांनी त्या दिवशी माझ्या बाजूनं एक शब्दही उच्चारला नाही, आणि त्यांचे उपकार मी कधी विसरू शकणार नाही.

अशा माणसाचे कान जावेत, याचा मला संताप येतो. आणि त्याहून जास्त संताप येतो तो सरांचा. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी श्रवणयंत्र दिलं. सरांनी ते कपाटात ठेवलं. "माझ्या आणि व्हायोलिनच्या मधी यंत्र नको." आम्ही समजावलं, अक्का रडल्या, त्यांची पोरं फोनवरून ओरडली. ओरडलेलं ऐकू येत होतं, म्हणून कान चांगले आहेत, असं सरांचं म्हणणं.

गेल्या महिन्यात याच ग्रंथाच्या कामासाठी आम्ही सगळे सरांकडे जमलो. त्यांनी तबकडी लावली. आम्हीही आता म्हातारे, बोलायची हौस फिटलेली. पहिली बाजू निर्विघ्न पार पडली. दुसरी सुरू झाली. मी जिथवर कधी पोचले नव्हते, तिथवर आम्ही आलो. बाकीची वाद्यं थांबली आणि एकटं व्हायोलिन फार वर, फार हळू वाजू लागलं. मला मांजर आठवलं नाही.

"संपली वाटतं," सर मोठ्यानं म्हणाले. "सुशीला, चहा ठेव."

सगळे सतरंजीकडे बघू लागले. गप्प राहणं सोपं होतं. पण आमच्या ओसरीवर सरांनी माझ्यासाठी नियम सोडला नव्हता; आता तो मी कसा सोडणार? मी उठले, सुई उचलली आणि सुरुवातीला ठेवली.

"कामून, बाई? संपली होती की."

"न्हाई सर. वाजायलं होतं. तुम्ही मधी बोललात."

"वाजायलं होतं?"

"व्हय, सर."

सरांनी फिरत्या तबकडीकडे पाहिलं. मग अक्कांना म्हणाले, "ते कपाटातलं यंत्र आण." कानात घातल्यावर ते चीं करून ओरडलं. मग सरांना आमच्या बांगड्या, पंखा, बाहेरची कोंबडी, सगळं एकदम ऐकू आलं. "एवढा गोंगाट करता तुम्ही?" ते आमच्यावरच खेकसले. आम्ही हसलो. अर्थातच, सुई पुन्हा पहिल्यापासून.

तर सर, शेवट अजून ऐकायचा राहिला आहे. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत, अक्कांची सोबत राहो, आणि ते यंत्र अंघोळीखेरीज कानातून निघू नये. आम्ही दर रविवारी येऊन गप्प बसू. मात्र एक आत्ताच सांगून ठेवते. कधी शेवट अगदी जवळ आलाच, तर मी मुद्दाम खोकणार आहे.