टोचून राहिलं का?

"कूलर बंद कर पहले. मंग बोल."

त्याच्या खोलीत पाय ठेवला की हे वाक्य ठरलेलं. मे महिन्यात रायपूरला कूलर बंद करायला लावणारा माणूस म्हणजे वैरीच की नाही, तुम्हीच सांगा! त्यात चौबे कॉलोनीतली ती दहा बाय दहाची खोली, खिडक्या बंद, भिंतींवर गोधड्या ठोकलेल्या. अंगाची नुसती लाही लाही व्हायची. पण कूलरची घरघर रेकॉर्डिंगमध्ये आलेली त्याला खपायची नाही.

मी तेव्हा रॅप करायचे. हसू नका. ब्राह्मणपाऱ्यातल्या सोवळ्या घरातली पोट्टी माईकसमोर हातवारे करत होती, हे आमच्या बाबांना अजूनही पुरतं माहीत नाही. आता मी विम्याच्या ऑफिसात फायली बघते.

आम्ही सगळे त्याला भैया म्हणायचो. वडील रेल्वेतले, विदर्भातून आलेले. तो स्वतः बीरगांवकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, आणि रविवारी घरी आमचे आवाज साफ करणारा. कारखान्यात यंत्रांचा धडधडाट. हा एकटा कानात कापसाचे बोळे घालून फिरायचा. लोक टर उडवायचे. "उडवू दे. मले रविवारी कान लागतात," म्हणायचा.

आणि काय कान होते हो! चार वेळा म्हटलेल्या ओळीतून एकेक चांगला शब्द उचलून असा जोडायचा की जोड मलाही सापडायचा नाही. मधला श्वास मात्र कापायचा नाही. "राहू दे. पोट्टी बोलून राहिली, मशीन नाही."

त्याचं खरं वैर होतं 'स'शी. रॅपमध्ये तोंड माईकला चिकटलेलं, शब्द भराभरा. प्रत्येक 'स' कानात सुईसारखा घुसतो. तो एकेक 'स' शोधून खाली आणायचा. कमी आणला तर टोचतो, जास्त आणला तर गाणारा बोबडा वाटतो. ओळ झाली की विचारायचा, "टोचून राहिलं का?" "मस्त भैया!" म्हटलं की चिडायचा. "मस्त काहून? वाहवा नको मले, खरं सांग."

एका उन्हाळ्यात त्यानं केलेलं माझं नवं गाणं मी बसमध्ये ऐकलं आणि कान चोळला. एकूण एक 'स' टोचत होता. वाटलं, इयरफोन खराब. दुसरा आणला, तेच. मग कळलं, त्याच्याकडे गाणी करणारी बीरगांवची दोन पोरं "एग्जाम है भैया" अशी थाप मारून दुसरीकडे जायला लागली होती. पाठीमागे सगळे कुजबुजत होते, भैयाचा कान गेला. तोंडावर एकही बोलत नव्हता. संताप आला मला. पण दोन रविवार मीही "मस्त"च म्हणून आले होते, त्याची लाज जास्त वाटली.

तिसऱ्या रविवारी धीर केला. "भैया, टोचून राहिलं."

"कुठं?"

"सगळीकडेच."

त्यानं गाणं पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. "मले तर ठीक वाटून राहिलं," म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच उमगलं. उठला आणि कूलर चालू केला. काम अर्ध्यात असताना, पहिल्यांदाच. त्या घरघरीत आम्ही दोघं बसून राहिलो. रडले मी, तो नाही.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले, परत यायचे नाहीत. 'स' ऐकू येत नाही म्हणून हा बिचारा तो ऐकू येईपर्यंत चढवत बसला होता. दुसरा कुणी असता तर खोलीला कुलूप लावून मोकळा झाला असता. यानं त्या महिन्यांतल्या सगळ्यांना फोन केले, थाप मारणाऱ्या पोरांनासुद्धा. "गाणं मी बिघडवलं. परत आणा, नीट करून देतो." एवढी हिंमत मी आमच्या ऑफिसात एकाही साहेबात पाहिली नाही.

नीट कसं करणार, तर वहिनींच्या कानांनी. वहिनींना रॅप म्हणजे शिक्षा. "गाणं आहे का नळावरचं भांडण?" असं त्या माझ्या तोंडावर म्हणायच्या. पण आता त्या तांदूळ निवडायचं ताट घेऊन त्याच्या समोर बसायला लागल्या. टोचलं की बोट वर. तो तिथला 'स' खाली आणायचा, पुन्हा लावायचा. जास्त झालं की वहिनी म्हणायच्या, "आता बोबडी झाली पोट्टी."

गेल्या वर्षी ती दोघं नागपूरला गेली. परवा त्या घरावरून गेले. खोलीत दुसरं बिऱ्हाड आहे, कूलर दणक्यात चालू होता. मला त्या कामाचा शेवटचा रविवार आठवला.

माझं गाणं सगळ्यात शेवटी घेतलं होतं. घामानं तिघंही भिजलेलो. गाणं सुरू झालं. भैयाचे डोळे कॉम्प्युटरच्या पडद्यावर नव्हते, वहिनींच्या बोटावर होते. गाणं संपलं, तरी बोट तांदळातच.

"टोचलं नाही?"

"नाही."

"वाहवा नको मले. खरं सांग."

वहिनींनी ताट बाजूला सरकवलं, हात पदराला पुसले. "पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. "या खेपेला मी नुसतं गाणं आयकते."